येळवशीच्या आदल्या दिवशी

लातूरच्या मार्केट यार्डात संगमेश चालत शिरला की दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत त्याची सकाळ सरायची. यार्ड काही एवढं मोठं नाही. पण दर दुकानातून हाक यायची. "ओ संगमेश, या की! आमचं काम कुठवर आलं?" आणि संगमेश पायऱ्या चढून गादीवर टेकायचा, चहा घ्यायचा, मग घसा साफ करून सांगायचा, "चालू हाय आप्पा. मीच मागं लागलोय पोरांच्या."

गडी मूळचा औशाचा. बी.कॉम. करून अमरनाथ सरांच्या कंपनीत लागला, त्याला बारा वर्षं झाली. कंपनी आडत दुकानांसाठी सॉफ्टवेअर करते. शेतकऱ्यानं माल आणला, सौदा झाला की हिशेबाची पट्टी निघते ना, ती ह्यांच्याच सॉफ्टवेअरवर. दुकानदाराची तक्रार आली की संगमेश ती ऑफिसच्या ॲपमधल्या तक्त्यात नोंदवायचा. प्रोग्रामर दुरुस्ती करायचे आणि कोड रेपॉझिटरीत, म्हणजे सगळ्यांचा कोड जिथं एकत्र राहतो तिथं, टाकायचे. संध्याकाळी संगमेश तिथं डोकवायचा, "ए, हे खरंच झालंय का रे?" म्हणून विचारायचा, तक्त्यात 'झालं' करायचा आणि मग फोन लावायचा. "आप्पा, तुमचं काम करून टाकलं बरं का."

कोडची एक ओळ त्यानं जन्मात लिहिली नव्हती. पण आप्पाला ते कशाला सांगायचं? लग्नाच्या पत्रिका त्याच्या नावानं यायच्या. माणिकप्पासारखा तिरसट आडत्या, जो पोटच्या पोराशी धड बोलत नाही, तो ह्याला उसाचा रस पाजल्याशिवाय सोडायचा नाही. संगमेशचं सगळं सुख त्या एका फोनात होतं.

आणि मग ऋतुजा आली.

पोरगी नांदेडची, शिकली विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंगला, लग्न होऊन लातुरात आलेली. अजून कुठल्या खुर्चीचा पाय डुगडुगतो ते कळलं नव्हतं, तोवर सरांना म्हणाली, "सर, हे हातानं कशाला करतो आपण?" आठवड्यात तिनं रेपॉझिटरी आणि तक्ता एकमेकांना जोडून दिले. प्रोग्रामरनं तक्रारीचा नंबर घालून कोड मेनमध्ये, म्हणजे रेपॉझिटरीच्या मुख्य शाखेत, टाकला, की तक्त्यात आपोआप 'झालं', आणि त्याच क्षणी गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर मेसेज. सगळ्या ऑफिसनं टाळ्या वाजवल्या. सर संगमेशच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुझ्या डोक्याचा ताप गेला बघ!"

ताप! संगमेश हसला, पण अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

पुढच्या आठवड्यात तो यार्डात गेला तर अर्ध्या तासात पार झाला. कुणी हाकच मारली नाही. शेवटी आपणच माणिकप्पाच्या पायऱ्या चढला. माणिकप्पा मोबाईल दाखवत म्हणाला, "आता मेसेजच येतोय की रे थेट. लई हुशार पोरगी आणलीय तुमच्या मालकानं. नाव काय म्हणलास तिचं?"

संगमेशनं नाव काही म्हणलंच नव्हतं. रस न पिता उठून आला.

तेव्हापासून त्याला ऋतुजाचं सगळंच खुपायला लागलं. तिचं हसणं, तिचा डबा, सरांनी तिला 'ऋतुजा बेटा' म्हणणं. बारा वर्षांत त्याला कुणी बेटा म्हणलं होतं? आणि वाईट हे की पोरगी त्याच्याशी अगदी नीट वागायची. भांडायलासुद्धा कारण देत नव्हती. एक दिवस तीच लॅपटॉप घेऊन त्याच्या टेबलाशी आली. "दादा, तुम्ही इथं किती वर्षं आहात. ह्यात माझं काही सुटलं असेल तर सांगा ना. मला इथलं काही माहीत नाही."

संगमेशनं पाहिलं. आणि काय सुटलंय ते त्याला तिथल्या तिथं दिसलं.

वेळ अमावस्या, म्हणजे इकडची येळवस, तोंडावर आली होती. येळवशीला लातूर रिकामं होतं, जो तो शेतात. मागं एकदा एक प्रोग्रामर येळवशीला गावी गेला तो काम लॅपटॉपात घेऊन तिकडंच रमला. तेव्हापासून सरांचा नियम, की आदल्या दिवशी कुणी काही स्वतःजवळ ठेवायचं नाही, झालेलं, अर्धवट, सगळं मेनमध्ये टाकून मगच बस धरायची. परत आल्यावर निस्तरायचं. त्या आदल्या दिवशी संगमेश तक्त्याला हात लावायचा नाही. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तो लावत नाही हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. आता त्या दिवशी सगळं अर्धवट काम 'झालं' होऊन मेसेज सुटणार होते. नांदेडच्या पोरीला येळवस काय ठाऊक?

"न्हाई मॅडम," संगमेश म्हणाला. "सगळं बरोबर हाय."

आदल्या दिवशी दुपारपासून पिशव्या भरायची गडबड. सत्यम, त्यांचा सगळ्यात जुना प्रोग्रामर, एका हातानं बुटाची नाडी बांधत दुसऱ्या हातानं कोड टाकत होता, सवयीनं नंबरासकट. तक्त्यातल्या ओळी एकेक करून हिरव्या होत गेल्या. माणिकप्पाची ओळसुद्धा. त्याच्या पट्टीवर मागच्याच शेतकऱ्याचं नाव छापून यायचं, म्हणून मुनीम हातानं नाव लिहीत होता. संगमेश खुर्चीत बसून बघत राहिला. फार दिवसांनी त्याला गार वाटलं.

पण रूपाली, त्याची बायको, हिनं काय करावं? हळदीकुंकवात ऋतुजाशी ओळख झालेली, म्हणून रूपालीनं तिला येळवशीला शेतात बोलावलं. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, त्यात पांडवांची पूजा, मग भाज्या-दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील. ऋतुजानं आंबील दोनदा मागून घेतली. ज्वारीकडं बघत म्हणाली, "दादा, किती छान असतं हो हे! आमच्याकडं असं नसतं."

संगमेशला तक्त्यातल्या हिरव्या ओळी आठवल्या. अजून वेळ गेली नव्हती. दुकानं आज बंदच होती. आत्ता सांगितलं तर हिनं इथूनच सगळ्यांना दुसरा मेसेज पाठवला असता, थांबा म्हणून. त्यानं तांब्या खाली ठेवला. "मॅडम, एक सांगायचं..."

"अहो, ऐका ना," रूपाली मधेच म्हणाली. "जरा शिका की हिच्याकडून! बारा वर्षं नुसते फोनच लावत बसलात तुम्ही."

झालं. संगमेशनं भज्जीचं पातेलं पुढं ओढलं. "काय दादा?" ऋतुजानं विचारलं. "भज्जी घ्या अजून," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी यार्डात जो गोंधळ उडाला! मेसेजवर विश्वास ठेवून माणिकप्पानं मुनिमाला हातानं लिहायचं बंद करायला सांगितलं होतं. ह्याची पट्टी त्याच्या नावावर, त्याची तिसऱ्याच्या. शेतकरी दुकानात शिरले, सौदे थांबले. बाकी दुकानांतून तसेच फोन. अमरनाथ सरांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं.

ऋतुजाचे डोळे लाल झाले होते. "माझी चूक आहे सर. मला ही येळवशीची पद्धत माहीत नव्हती."

सर वळले. "संगमेश, तुला तर माहीत असंल की? तू आदल्या दिवशी कधी फोन लावायचा न्हाईस, हे आत्ता सत्यमच्या ध्यानात आलं."

"नाही सर," ऋतुजाच मधे बोलली. "मी दादांना सगळं दाखवलं होतं. माहीत असतं तर त्यांनी सांगितलंच असतं."

सगळे त्याच्याकडं बघत होते. माहीत होतं म्हणावं, तर गप्प का बसलास? "न्हाई सर," संगमेश म्हणाला. "मला काय माहीत. माझं आपलं गावाला जायच्या घाईत राहून जायचं ते."

"बरं," सर म्हणाले. रागावलेसुद्धा नाहीत. खुर्ची ऋतुजाकडं वळवली. "मग आता कसं करायचं बेटा?"

डोळे पुसून ती म्हणाली, "मधे एक माणूस ठेवू या सर. कोड आला की तो आधी बघेल, काम खरंच झालंय का विचारेल, दुकानदाराशी बोलेल. त्यानं हो म्हटलं तरच मेसेज जाईल." आणि तिनं संगमेशकडं बघितलं. "दादांना..."

संगमेश नकळत ताठ उभा राहिला.

"छे छे, सत्यमला दे ते," सर म्हणाले. "तिथं माहीतगार माणूस पाहिजे."

मग सत्यम खुर्ची ओढून बसला, ऋतुजानं लॅपटॉप उघडला आणि तिघं कामाला लागले. संगमेश तिथंच उभा होता. त्याला कुणी जा म्हणालं नाही, आणि बस पण म्हणालं नाही.