हौदा लांब की केबिन मोठी

शहाडला चांगदेव गायकवाड म्हटलं की लोक विचारत, "शालनताईंचे मिस्टर का?" चांगदेवला त्याचं वाईट वाटत नसे. कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाल्यापासून तो बायकोच्या केटरिंगमध्ये पडेल ते काम करायचा. फक्त मशीन आणि गाडी या दोन विषयांत शेवटचा शब्द आपला, असं त्याने मनाशी धरून ठेवलेलं.

गाडी अजून नव्हतीच. भांडी भाड्याच्या टेम्पोतून जात, बायका रिक्षाने. नौपाड्यातल्या एका साखरपुड्याला टेम्पो वेळेवर पोचला आणि बायका दुर्गाडीच्या पुलाशी ट्रॅफिकमध्ये अडकल्या. पाहुणे जेवायला बसलेले, आणि पुऱ्या लाटायला चांगदेव नि टेम्पोवाला पोपट. गोल सोडून सगळ्या आकारांच्या पुऱ्या झाल्या. मुलीकडच्या एका आजोबांनी त्यातली एक उचलून उलटसुलट करून पाहिली आणि मगच खाल्ली.

"आता आपली स्वतःची गाडी घ्यायची," शालन दुसऱ्या दिवशी म्हणाली.

पिकअप घ्यायची, इथवर एकमत होतं. चांगदेवला सिंगल केबिन आणि मागे सामानासाठी लांब हौदा हवा होता. शालनला डबल केबिन हवी होती, म्हणजे मागच्या सीटवर बायका बसतील. पण त्यात हौदा आखूड होतो. दोघंही मागे हटेनात. शेवटी चांगदेवने चाळीसमोरच्या मोकळ्या जागेत खडूने दोन्ही हौदे मापात आखले आणि सगळं सामान मांडलं. लांब हौद्यात पातेली, शेगड्या, टेबलं, सगळं बसलं. आखूड हौद्यात टेबलांचे पाय रेषेबाहेर.

"बघ," तो म्हणाला. "मी सांगत नाही, खडू सांगतोय."

शालनने त्याच्या हातून खडू घेतला. लांब हौद्यापुढे तिने छोटी केबिन आखली, त्यात ड्रायव्हरची खुर्ची ठेवली आणि बायकांना हाक मारली. शालन आणि त्यांची मुलगी मेघना अंग चोरून बसल्या. कामाला येणाऱ्या दोघी जावा बाहेर उभ्या. हौसाबाई सगळ्यांत जुन्या आणि अंगानेही भरभक्कम. त्या सरळ हौद्यात गेल्या आणि मोठ्या पातेल्याशेजारी बसकण मारली.

"माझ्यावर पण झाकण ठेवा, चांगदेवभाऊ," त्या म्हणाल्या. "वाटेत सांडायला नको."

गॅलरीत उभे असलेले सगळे हसले. चांगदेवही हसला, पण हट्ट सोडला नाही. "शोरूममध्ये जाऊन बघू," म्हणाला.

कल्याणच्या शोरूममध्ये ते सगळे मोठं पातेलं घेऊनच गेले. सेल्समन सिद्धेश तरुण होता. तो चांगदेवकडे बघून बोलू लागला, "काका, लोडिंगच्या हिशोबाने तुम्हाला..."

"पातेलं माझं आहे," शालन म्हणाली. "मला सांग."

सिद्धेश तिच्याकडे वळला. डबल केबिनच्या मागच्या सीटवर हौसाबाई चढल्या, त्यांच्या शेजारी दोघी जावा. दार नीट लागलं. हौद्यात पातेलं आडवं बसलं. राहता राहिली टेबलं.

"केबिनवर कॅरिअर लावून देऊ ना, काकू," सिद्धेश म्हणाला. "टेबलं वर बांधायची."

हे आपल्याला कसं सुचलं नाही, याचा चांगदेवला मनातून राग आला. त्याने कॅरिअरचा पाइप हाताने हलवून पाहिला, वेल्डिंग तपासलं आणि मान डोलावली. "काम पक्कं आहे," म्हणाला. शालनला कळायचं ते कळलं. तिने डबल केबिन ठरवली.

गाडी आली. विहाराजवळ हार घातला, पेढे वाटले. पहिली ऑर्डर कोपरच्या एका बारशाची होती. सामान चढलं, टेबलं वर बांधली गेली, मागे तिघी बसल्या, पुढे शालन. चांगदेव चावी घेऊन निघाला, तर ड्रायव्हरच्या सीटवर मेघना.

"तू कुठे निघालीस?"

"कोशिंबीर मीच करते ना, पप्पा. आणि मला गाडी येते. तुम्ही चालवलीत तर मी कुठे बसू?"

चांगदेवने हिशोब करून पाहिला. सीटा पाचच होत्या. "हौद्यात जागा आहे, भाऊ," मागून हौसाबाई म्हणाल्या. त्याने चावी दिली, हेल्मेट चढवलं आणि स्कूटर काढली. कोथिंबिरीची पिशवी पुढे अडकवली.

सिग्नलवर गाडी त्याच्या बाजूला उभी राहिली. काचा खाली होत्या. आत कोणाच्या तरी सासूची नक्कल चाललेली, आणि शालन डोळे पुसत हसत होती. टेम्पोच्या दिवसांत ती अशी हसत कामाला गेलेली त्याला आठवेना.

हॉलवर तो आधी पोचला. गेटशी उभा राहून हात हलवू लागला, "येऊ दे, येऊ दे, लेफ्ट मार..." तोवर मेघनाने गाडी रिव्हर्समध्ये एका झटक्यात दारापर्यंत नेली होती. सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. चांगदेवने बाह्या दुमडल्या, हौद्याची फळी खाली पाडली आणि पातेल्याचा कान धरला.

"दुसरा कोण धरतंय?" त्याने विचारलं.

"मी," शालन म्हणाली.