वॅटनानांचा दिवा

वॅटनानांसमोर "दिवा मोठा आहे" असं म्हणायची सोय नव्हती. ते लगेच विचारत, मोठा म्हणजे खायला की द्यायला? मूळचे ते पारोळ्याकडचे, सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका मिलमध्ये वायरमन. लिंबायतच्या आमच्या गल्लीत त्यांचं खरं नाव कोणाला आठवत नसे.

"वॅट म्हंजे दिवा कितला खास ते," ते बायकांना समजावत; त्यांच्या बोलीत खास म्हणजे खातो. "उजेड कितला देस, त्याले लुमेन म्हंतस." आम्ही माना डोलवायचो आणि दुकानात जाऊन शंभरचा बल्बच मागायचो. नाना रागवत नसत, पुन्हा पहिल्यापासून सांगत. चाळीसची जाड ट्यूब आणि छत्तीसची बारीक ट्यूब जवळजवळ सारखाच उजेड देतात, हे मला त्यांच्यामुळे पाठ आहे. गल्लीत कुणाच्या मुलीला स्थळ आलं तरी त्यांचा प्रश्न तोच असे: खातो किती ते कळलं, देतो किती?

त्यांच्या खोलीला खिडकी नव्हती, भर दुपारीही दिवा लागे. त्याखाली त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, आणि मी शेठच्या साड्यांवर खडे चिकटवायचो. काकींना कमी दिसायला लागलं, तेव्हा नानांनी दिव्याकडे पाहिलं. बल्ब पिवळा म्हणून ट्यूब लावली. ट्यूब लपलपते म्हणून लोखंडी चोक काढून इलेक्ट्रॉनिक बसवला. मग उजेड वाटेतच सांडतो म्हणून ट्यूब दोरीने खाली ओढली. काकी दर वेळी म्हणायच्या, आता बरं आहे.

बरं नव्हतं. शेजारचा पाण्याचा तांब्या त्यांच्या हाताने लवंडायचा, खडे नक्षीबाहेर पडायचे. एकदा त्या हळूच म्हणाल्या, "शेठले कळनं तर काम बंद करी. कोनले सांगू नको, माय." मी नाही सांगितलं. त्या चहा ठेवायला उठल्या की मी त्यांचे चुकलेले खडे उपटून जागेवर लावायचे. काम दोघींच्या नावावर होतं. त्यांचं गेलं असतं तर माझंही गेलं असतं. हे मी तेव्हाही जाणून होते.

शेवटी येत्या रविवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं ठरलं. त्याच आठवड्यात नानांनी सीएफएल आणला. अकरा वॅटचा, पण साठच्या बल्बाइतका उजेड देणारा. गल्लीतली माणसं बघायला आली. दुसऱ्या दिवशी नानांनी काकींनी केलेली साडी पसरली आणि एकेक खड्यावरून बोट फिरवलं. सगळे जागेवर होते.

"दखा, लुमेनच कमी पडत व्हतं," ते म्हणाले. इतका खूश माणूस मी क्वचितच पाहिला आहे. काकींनी माझ्याकडे तोंड केलं. मी डिंकाच्या वाटीत बघत राहिले. रविवारचं जाणं राहिलं, आणि पुढेही राहतच गेलं.

वर्षभराने नेलं तेव्हा काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, आधी यायला हवं होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी सोबत होते. मला रडू आलं नाही, अजूनही येत नाही. पाय खूप वेळ दुमडून बसलं की तो आपला वाटत नाही, तसं काहीतरी झालं, आणि ते तसंच आहे.

गावी परतताना नाना काकींचा हात धरून माझ्या दारात आले. मी चहाचं विचारलं, त्यांना घाई होती. त्यांचं सामान रिक्षात होतं.

"डोळा गयात," नाना म्हणाले, "पन त्या दिवामुळे एक वरीस तरी तिले नीट दखायनं. इतलं समाधान शे. तू तर तिना जोडेच बसे. सांग."

काकी माझा आवाज कुठून येतो याचा अंदाज घेत उभ्या होत्या. त्यांनी मान किंचित हलवली.

"हो नाना," मी म्हणाले. "एकही खडा चुकला नव्हता."