पेन्सिलताईंची दुसरी नोंद

औषधांच्या गोदामात त्यांना सगळे पेन्सिलताई म्हणत. अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोवलेली. माल उतरला की रजिस्टरमध्ये आधी पेन्सिलने ‘मिळाला, ठीक’ लिहायचं, टेम्पोवाल्याला मोकळं करायचं, मग सावकाश एकेक खोका तपासून तेच पेनाने गिरवायचं. खोट निघाली तर खोडरबर होतंच. एकवीस वर्षांत त्यांच्या रजिस्टरात एक काट नव्हती, आणि हे त्या आल्यागेल्याला चहाबरोबर ऐकवत.

मग ब्लॉकचेन आली. कारखान्यापासून दवाखान्यापर्यंत खोका ज्याच्या हातातून जाईल त्याने कॉम्प्युटरवर नोंद करायची. ती त्याच क्षणी सगळ्यांकडे पोचते आणि कोणालाच पुसता येत नाही.

“ताई, इथे खोडरबर नाही हं,” शिकवायला आलेली मुलगी म्हणाली. “चुकलं तर खाली दुसरी नोंद. पहिली वर तशीच राहणार.”

“म्हणजे डाग दाखवूनच धुणं वाळत घालायचं!” पेन्सिलताई म्हणाल्या. सगळे हसले.

शनिवारी इन्सुलिनचे चाळीस खोके आले.

“उरका ना ताई, मागे गाड्या खोळंबल्यात,” टेम्पोवाला म्हणाला. ताईंचं बोट सवयीने ‘मिळाला, ठीक’वर पडलं. टेम्पो गेला. मग ताईंनी तपासायला घेतलं, तर दोन खोक्यांवरची पांढरी पट्टी लाल झालेली. वाटेत कुठेतरी तापले होते. आत इन्सुलिनच्या दोनशे बाटल्या.

आता सांगावं, तर माल गोदामात येऊन बिघडला असाच अर्थ निघणार. गप्प बसावं, तर खोके दुपारच्या गाडीने दवाखान्यात जाणार, ताईंच्या ‘ठीक’सकट. त्यांनी नवऱ्याला फोन लावून सगळं सांगितलं.

“कोणी बघितलं?”

“नाही.”

“मग पट्ट्या काढ आणि गप्प बस. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत तुझी.”

“अहो, आईंना रोज सकाळी मीच टोचते ना इन्सुलिन?”

“तिची बाटली काय त्याच खोक्यातून येणारे?”

“कोणाच्या तरी आईची येईलच की.”

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. ताईंनी दोन्ही खोके बाजूला ओढले आणि एका बोटाने टाइप केलं : ‘दोन खोके तापलेले. न बघता ठीक लिहिलं. चूक माझी.’

सोमवारी गोदामाच्या साहेबांनी टेम्पोवाल्याला ताईंसमोर उभं केलं. तो ताईंकडे न बघता म्हणाला, “ताईंनीच ठीक म्हटलंय, साहेब. वाचा की.”

साहेबांनी वाचलं. दोन्ही नोंदी, वेळेसकट. “स्वीकारताना माल ठीक होता, असं तुम्हीच म्हणताय. बाकी चौकशीत बघू.” तोवर ताईंनी माल उतरवून घ्यायचा नाही, आत बसून लेबलं चिकटवायची.

घरी नवरा ताटावर बसून भिंतीशी बोलला. “एकवीस वर्षं! एका बोटाने घालवली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई पोटावरचा पदर सारून बसल्या. ताईंनी फ्रिजमधून बाटली काढली आणि खिडकीशी नेली.

“अगं, कालचीच आहे ती. ठीक आहे म्हण आणि टोच. चहा गार होतोय.”

ताईंनी बाटली उजेडात धरली.

“थांबा जरा आई,” त्या म्हणाल्या, “आधी बघू दे.”