हळू फिरव रे

सौदीत दम्मामला मोहियुद्दीनभाईंच्या खोलीत चार खाटा होत्या आणि जानेवारीत झोपणारा माणूस एकटाच. बाकीचे तिघे ऑगस्टमध्ये, इराकने कुवेत घेतल्याबरोबर घरी पळाले. गोदामाच्या किल्ल्या ह्यांच्याकडे, म्हणून हे राहिले, आणि बघू बघू म्हणता खरंच युद्ध पेटलं. खिडक्यांना चिकटपट्ट्या लागल्या. ज्या खिळ्याला त्यातल्या मुनाफचा शर्ट लटकायचा, त्याला आता गॅसचा मास्क.

सोबतीला काय, तर टीव्ही आणि अब्बा. म्हणजे अब्बांचा आवाज.

अब्बा, कादिर त्यांचं नाव, तरुणपणी रत्नागिरीत तंबूतल्या सिनेमात पडद्याच्या बाजूला काठी घेऊन उभे राहायचे आणि मुक्या चित्राची गोष्ट ओरडून सांगायचे. पहिल्या महायुद्धात युरोपातली चित्रं आटली आणि अमेरिकेच्या रिळांचा नुसता पूर आला, असं ते सांगायचे. इंग्रजी पाट्या कोणाला वाचता येत होत्या? अब्बांनाही नाही! मग अमेरिकेतला दूधवाला व्हायचा तिथल्याच मिरकरवाड्याचा जावई आणि गोरी मडम त्याची खाष्ट सासू. मशीन एक पोरगा हाताने फिरवायचा. अब्बा गोष्टीत रंगले, चित्र पुढे पळालं, की ते त्याच्यावर ओरडायचे, "हळू फिरव रे!"

तीन वर्षांपूर्वी कंपनीतला एक अमेरिकन इंजिनियर जाताना व्हिडिओ कॅसेट वाटून गेला. त्यातल्या एकीत दूधवाल्याचा घोडा पळाला आणि मोहियुद्दीनभाई किंचाळलेच, "हा तर अब्बांचा घोडा!" अब्बांना कळवलं, तर म्हाताऱ्याने अख्खी गोष्ट टेपवर बोलून पाठवली, तशीच, "हळू फिरव रे"सकट. दोन्ही एकदम लावले की व्हिडिओ पुढे पळायचा, अब्बा मागे राहायचे. मग भाई चित्र थांबवून धरायचे, अब्बा आले की सोडायचे. गेल्या रमजानात अब्बा गेले. सुट्टी मिळाली नाही, मातीला जाता आलं नाही. आवाज तेवढा उरला.

त्या दिवशी दुपारी शेजारचा विनय दार ठोकत आला. "भाई, यल्ला, चला! जेद्दाला गाडी निघतेय, तिथून विमान. घरी काय द्यायचंय ते दहा मिनिटांत द्या!"

फोन लागत नव्हता. हाजराने, बायकोने, पंधरा दिवस ह्यांचा आवाज ऐकला नव्हता, बातम्यांत फक्त क्षेपणास्त्रं. आपल्याकडे एकच कॅसेट घरून यायची, ऐकायची, त्यावरच उत्तर भरायचं, जाणाऱ्याबरोबर परत पाठवायची. हात सवयीने गेला. टेपमधल्या कॅसेटवर बटण दाबलं.

"हाजरा, मी बरा आहे गं. जेवतो. सायरन झाला की मास्क लावतो, अगदी हत्ती दिसतो..."

आलंय का ते बघायला परत लावली. स्वतःचा आवाज संपला, खट्ट झालं, आणि अब्बा बोलले, "...आणि घोडा शिरला की शाळेत, भावांनो!"

भाईंनी झटकन टेप बंद केला. अब्बांच्याच कॅसेटवर भरलं होतं!

"काय झालं? भूत बघितलंत काय?"

"कोरी कॅसेट आहे तुझ्याकडे?"

"सगळं बांधलं हो. ड्रायव्हर हॉर्न मारतोय."

कॅसेटच्या मागचे दोन दात मोडले असते तर वर काही भरलंच गेलं नसतं. पण अब्बांची वस्तू, मोडायला हात धजला नव्हता. आता ठेवून घेतली तर हाजराला काय? दिली तर उरलेले अब्बाही गेले. हॉर्न वाजतच होता. भाईंनी किल्लीने दोन्ही दात कटाकट मोडले आणि कॅसेट विनयच्या हातात कोंबली.

"तिला सांग, माझं बोलणं संपलं की बंद करू नकोस. पुढे अब्बा आहेत."

गाडी गेली. भाईंनी व्हिडिओ लावला आणि काठी नव्हती म्हणून झाडू घेऊन टीव्हीच्या बाजूला उभे राहिले. समोर चार खाटा.

"तर भावांनो, हा मिरकरवाड्याचा जावई..."

दूधवाला धावला, सासू आपटली, घोडा शाळेत शिरला. भाईंनी घाईघाईने बटण दाबून चित्र थांबवलं.

अब्बा मागे राहिले होते ना.