सगळ्या एक जूनच्या

दिल्लीत घुसखोरांच्या कायद्यावरून भांडणं पेटली, तशी आमच्या गल्लीतल्या पुढाऱ्यालाही देशाची सीमा आठवली. माझ्या द्राक्षांच्या पॅकिंग शेडवर येऊन त्याने पेठ तालुक्यातून मजुरीला आलेल्या सहा बायकांची आधारकार्डं तपासली.

"ताई, सगळ्यांचा जन्म एक जूनचा? बनावट आहेत. बांगलादेशी असणार. पोलिसांना बोलावतो."

बायका घाबरून गाठोडी बांधू लागल्या. शाळेत नाव घालताना गुरुजी सर्रास एक जून लिहायचे, हे या देशभक्ताला ठाऊक नव्हतं.

"तुझ्या आईचं कार्ड काढ मोबाइलवर," मी म्हटलं.

त्याने काढलं, पाहिलं आणि मोबाइल खिशात घातला.

"एक जूनच ना?"

"आईची गोष्ट वेगळी आहे, ताई."

"मग बोलाव पोलिसांना. येताना तिलाही आण."

तो निघून गेला. बायकांना मी गाठोडी सोडायला लावली. संध्याकाळी ट्रक भरायचा होता.