देवडीवाल्या काकांचा अभिप्राय

पांढरा फेटा बांधणाऱ्या, गोड बोलणाऱ्या एका सरकारी गृहस्थाने मला फसवले आणि माझ्या हातून एका म्हाताऱ्या वाचकाचा घात करवला. हे अगोदरच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्या म्हाताऱ्याच्या गमती सांगणार आहे आणि तुम्हाला हसू येईल. मलाही येत असे.

"नाव? काम?"

माझ्या दुकानात कोणी पाऊल टाकले की हा प्रश्न आतल्या बाकावरून यायचा. विचारणारा मी नव्हे. म्हातारबुवांनी तीस वर्षे राजवाड्याच्या देवडीवर, म्हणजे आतल्या फाटकावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावे लिहून घेतली होती. नोकरी सुटली तरी प्रश्न सुटला नाही. पंचांग घ्यायला आलेला एक सोनार या प्रश्नाने इतका दबकला की त्याने बापाचे, आजाचे आणि गावाचे नाव सांगितले आणि पंचांग न घेताच परत गेला. मी चिडलो. ते शांतपणे म्हणाले, "दुकानदार, विचारलेलं बरं असतं. आत कोण आहे हे आपल्याला ठाऊक पाहिजे."

आम्ही सगळे त्यांना देवडीवाले काका म्हणत असू.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात नई सडकेवरचे माझे दुकान म्हणजे पुस्तके वाचायला देण्याचे. बाप फौजेतला, मागे एक रिकामे म्यान ठेवून गेला. मी रस्त्याच्या कडेला पोत्यावर जुनी पुस्तके मांडून सुरुवात केली आणि घासाघीस करून, भांडून दुकानाला दरवाजा लावला. फुकट मी कोणाला पान उलटू दिले नाही. फक्त काकांच्या बाबतीत हरलो. वर्गणी मागितली की ते फाटकी पुस्तके पुढ्यात ओढायचे आणि घरून आणलेल्या खळीने असे चिकटवायचे की वर्गणीची गोष्ट तिथेच राहायची.

वाचक म्हणून मात्र माणूस भारी कठीण. तुम्हीही असे वाचक पाहिले असतील, ज्यांना गोष्ट आवडते पण पटत नाही. काका पुस्तक संपवायचे, उपरण्याच्या टोकाने चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "असं नसतं हो." एका कादंबरीत हेर फकिराच्या वेषात राजवाड्यात शिरतो. काकांनी ते पुस्तक दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा तिथेच अडले. "असं नसतं हो. फकीर आत गेला असता तर माझी नोकरी गेली असती." जणू लेखकाने त्यांच्यावरच ठपका ठेवला होता.

त्याच सुमारास पुण्याहून ती कादंबरी आली. नाव लिहीत नाही, अजूनही लिहावेसे वाटत नाही. कल्पित संस्थान, कपटी दिवाण, गुप्त मंडळी आणि भर दरबारात दिवाणाचा खून. माझ्याकडे एकच प्रत होती आणि ती मागणारे अर्धे लष्कर.

माझ्या दुकानाचा एक रिवाज होता. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी मी दोन-चार कोरे कागद चिकटवत असे. वाचणाऱ्याने तिथे अभिप्राय लिहायचा आणि खाली सही करायची. सहीचा नियम माझाच. सही नसली की लोक शिव्या लिहीत. आणि खरे सांगायचे तर, कोणी काय लिहिले हे पाहायला म्हणून लोक पुस्तक नेत. माझा धंदा त्या कोऱ्या कागदांवर चालत होता.

या कादंबरीवर तर लढाईच झाली. एका वकिलाने लिहिले, कोर्टाचा प्रसंग हास्यास्पद, बाकी ठीक. गिरणीतल्या एका कारकुनाने लिहिले, दिवाण मेला हे उत्तम, पण लेखकाने फार उशीर लावला. मुलींच्या शाळेतल्या बाईंना खुनी माणूस सगळ्यांत सभ्य वाटला आणि त्याचेच त्यांना भय वाटले. एका भटजींनी लिहिले, असली पुस्तके घरात ठेवू नयेत, आणि खाली बारीक अक्षरात, दुसरा भाग आल्यास माझे नाव प्रथम लावावे.

काकांनी पुस्तक वाचले, चष्मा पुसला, "असं नसतं हो" म्हणाले आणि परत दिले. लिहिले काहीच नाही.

"लिहा की काका," मी म्हणालो.

"मी लिहीत नाही. तीस वर्षं दुसऱ्यांची नावं लिहिली, तेवढं पुरे."

मी सोडतो की काय. त्यांचा अभिप्राय आला की पुस्तकाला आणखी गिऱ्हाईक लागणार हे मला दिसत होते. म्हटले, काका, ही सगळी मंडळी बाहेरून बोलतात, वाड्याच्या आतले ठाऊक असणारे तुम्ही एकटे. तुम्ही गप्प बसलात तर पुण्याचा माणूस म्हणेल, ग्वाल्हेरच्या लोकांना काही समजत नाही. हा बाण लागला. त्यांनी माझाच टाक घेतला.

एक पूर्ण पान, दोन्ही बाजूंनी. काय सुरेख अक्षर. लेखकाचा खुनी खोटा अर्ज हातात घेऊन मोठ्या फाटकातून आत जातो, हे अशक्य आहे, असे त्यांनी लिहिले. तिथे तीन ठिकाणी अडवतात. आत शिरायचेच असेल तर दुपारी, पहारा बदलताना, गवताच्या गाड्या येतात त्या फाटकाने. जुना शिपाई जेवणाच्या घाईत असतो आणि नवा आलेला आपला फेटा सारखा करत असतो. शेवटी लिहिले, "लेखकाने विचारले असते तर आम्ही सांगितले असते." खाली सही आणि जुना हुद्दा.

मी ते पान चार गिऱ्हाइकांना मोठ्याने वाचून दाखवले. काका बाकावर ताठ बसून ऐकत होते. परीक्षेत पहिला आलेला मुलगा बसतो तसे.

आठवड्याभरात पांढरा फेटा दुकानात आला. आवाज मऊ, मराठी आपल्या घरातली. काका तेव्हा नव्हते, म्हणून नाव आणि काम कोणी विचारले नाही. त्यांनी पुस्तक हातात घेतले आणि मागून उघडले. मला गंमत वाटली. वाटले, हेही अभिप्रायांचेच गिऱ्हाईक.

त्यांना प्रत विकत हवी होती. मी म्हणालो, विकाऊ नाही. ते म्हणाले, पाहा बुवा. मग मी माझा हिशेबी कावा सुरू केला. बाड्यावरच्या, म्हणजे मोठ्या चौकातल्या, सरकारी कचेरीने माझ्या दुकानाची पाटी आठ महिने अडवून ठेवली होती. मी म्हणालो, पाटीची परवानगी आणि वर एक काचेचे कपाट. मला वाटले, आता ते कपाटावरून भांडतील. ते म्हणाले, "ठीक आहे."

समोरचा इतक्या लवकर ठीक आहे म्हणाला की हात आखडावा, हे मी दुसऱ्यांना शिकवतो. त्या दिवशी मी हात पुढे केला.

जाता जाता त्यांनी विचारले, "हे देवडीचे गृहस्थ अजून येतात का इथं? भेटायला आवडेल. इतकं जाणणारे आता राहिलेत कुठे."

मी म्हणालो, "रोज. चार वाजता."

कपाट दुसऱ्या दिवशी आले, परवानगी तिसऱ्या. त्याच तिसऱ्या दिवशी चार वाजता एक चपराशी दारात उभा राहिला. काकांनी नेहमीप्रमाणे मान वर केली. "नाव? काम?"

त्याने नाव सांगितले नाही. "साहब ने याद किया है। दो बातें पूछनी हैं।"

काकांचा चेहरा उजळला. त्यांनी वाचत होते त्या पुस्तकात जानव्याच्या सुताचा तुकडा खुणेला घातला, चष्मा पुसला आणि माझ्याकडे वाकून हलक्या आवाजात म्हणाले, "दुकानदार, वर कोणीतरी वाचलेलं दिसतंय." उपरणे झटकून खांद्यावर टाकले आणि त्याच्या पुढे चालू लागले. चपराशी मागे होता, हे मला नंतर आठवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आल्या. कधी दुकानाची पायरी न चढलेली बाई पायरीवर बसून म्हणाली, "यांचं जेवण झाकून ठेवलंय कालपासून."

मी तडक बाड्यावरच्या त्याच कचेरीत गेलो. माझा स्वभाव सगळ्या बाजाराला ठाऊक आहे, तिथेही मी आवाज चढवला. फाटकावरच्या माणसाने मोठी वही माझ्यापुढे सरकवली. "इधर कोई आया ही नहीं। खुद देख लो।" कालचे पान होते, चार वाजल्यानंतरची नावे होती. काकांचे नव्हते. ज्याने तीस वर्षे सगळ्या जगाची नावे लिहिली, त्याचे नाव कोणी लिहिले नव्हते. मी पुन्हा ओरडलो तेव्हा आतून एक कारकून आला आणि अगदी हळू म्हणाला, "पाटी लावलीत ना? छान दिसते."

मी परत आलो. मी गप्प परत आलो, हेही लिहून ठेवतो.

मग वाचक येऊ लागले. वकील म्हणाले, मी कादंबऱ्या वाचतच नाही, लोकांना तसे सांगा. भटजींनी वाट पाहणाऱ्यांच्या यादीतले नाव खोडायला लावले. गिरणीतला कारकून आपले लिहिलेले खोडायचे म्हणून चाकू घेऊन आला आणि पुस्तक विकले हे ऐकून चाकू खिशात घालून निघून गेला. ज्या कादंबरीवरून महिनाभर लोक भांडले, ती आता कोणीच वाचलेली नव्हती. एकट्या शाळेतल्या बाई काकूंकडे जाऊन बसत.

पंधरवड्याने पुस्तक परत आले. चपराशी कागदात गुंडाळलेले गल्ल्यावर ठेवून गेला. मी मागून उघडले. वकील होते, कारकून होता, बाई होत्या, भटजी होते. एकच पान नव्हते. पात्याने कापलेले, कड अगदी सरळ.

काकूंना त्यांचा भाऊ झाशीला घेऊन गेला. मी कोरे कागद चिकटवणे बंद केले. काचेच्या कपाटात त्या दिवसापासून एकच पुस्तक आहे, काकांनी अर्धे वाचलेले, सूत घातलेले. ते मी कोणाला देत नाही.

पांढरा फेटा आता निवृत्त झाला आहे. सकाळी बाड्यावर फिरायला येतो, मला पाहून हात जोडतो. त्या गृहस्थांना मी इथे सगळ्यांसमोर विचारतो. आपला सौदा पुस्तकाचा झाला होता. ते तुम्ही परत केलेत. मग पान कुठे आहे, आणि ते लिहिणारा कुठे आहे? त्याने कोणाला मारायला सांगितले नव्हते. त्याने एक चूक दुरुस्त केली होती, आणि ती मी त्याला लिहायला लावली होती. माझा जबाब हा असा आहे. तुमचा बाकी आहे.

दुकान चार वाजता उघडे असते. बाक रिकामा आहे, म्हणून आता मीच विचारतो. आत या, नाव सांगा, काम सांगा.