आईला वाहिलेली श्रद्धांजली

गेल्या मार्चमध्ये माझी आई वारल्याचं मी ऑफिसात कळवलं. त्या वेळी ती स्वयंपाकघरात भेंडी चिरत होती.

मी मुळात कमी बोलणारा माणूस. हे पाप बरेच दिवस पोटात ठेवलं. पण आता पन्नाशी उलटलीय, ॲसिडिटी वाढलीय, पोटात आणखी काही ठेवायला डॉक्टरांची मनाई आहे. तेव्हा सांगूनच टाकतो.

दिल्लीतल्या एका संस्थेत मी संशोधक आहे. विषय, ‘आशिया आणि आफ्रिकेतील संस्कृती, धर्म आणि विकास’. दोन खंड, त्यातले सगळे देव आणि सगळी माणसं! त्यामुळे आपण नेमकं काय करतो हे कुणालाच सांगता येत नाही, आणि कुणी विचारतही नाही. (विकास म्हणाल तर बहुतेक आमचाच होतो. मीटिंगला चहाबरोबर काजू असतात.) राहतो आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, कारण सरकारी नोकरी माझ्या बायकोला, मेधाला आहे. मी बारा वर्षं कंत्राटावर.

तर, श्रद्धेचा घरातल्या निर्णयांवर काय परिणाम होतो, यासाठी मला पानिपतच्या विणकर घरांतल्या बारा बायकांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. सहा कशाबशा झाल्या. पुढे बायका दारातूनच सांगायच्या, “आदमी लोग काम पे हैं, शाम को आना.” मी “अच्छा जी” म्हणायचो, हायवेवर पराठे खायचो आणि परत यायचो. वजन वाढत होतं, मुलाखती वाढत नव्हत्या.

शेवटी सातवी मुलाखत मी घरीच, सोफ्यावर बसून लिहून काढली. समोर आई होती. (आठवी ते बारावीसुद्धा आईच. फक्त वयं बदलली.)

त्या आठवड्यात माझ्या मुलीचा, ईराचा बोर्डाचा निकाल होता आणि आईने देव पाण्यात ठेवले होते. म्हणजे मनातलं काम होईपर्यंत देवांना पातेल्यातल्या पाण्यात बुडवून ठेवायचं, आणि झालं की बाहेर काढून, पुसून, साग्रसंगीत पूजा! मी सगळं टिपलं. स्टीलचं पातेलं, डावा कान तुटलेला पितळी गणपती, सगळं. आणि वर लिहिलं, ‘प्रतिसादक क्रमांक सात, विधवा, अल्पशिक्षित, ही देवतेला ओलीस ठेवते. अशा दैवाधीन मानसिकतेमुळे स्त्रीची निर्णयक्षमता खुंटते.’

अल्पशिक्षित! आई एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झालीय. फाइलवरच्या तिच्या नोटिंगला जॉइंट सेक्रेटरी घाबरायचे.

निबंध मात्र गाजला. प्रकल्पाच्या प्रमुख डॉ. अबेना, घानाच्या. मला कायम करायचं की नाही, हे त्यांच्या एका सहीवर होतं. त्यांची मेल आली, ‘दिल्लीला येतेय. सात नंबरच्या आजींना भेटायचंच आहे.’

मेधा म्हणाली, “सरळ खरं सांगून टाक.”

“बिल्कुल!” असं म्हणून मी उत्तर लिहिलं, ‘कळवण्यास अत्यंत दुःख होते की सात नंबरच्या आजी आता या जगात...’

वाटलं, विषय संपला. पण नोएडातल्या परिषदेत डॉ. अबेना माइकवर आल्या आणि गहिवरून म्हणाल्या, “जिने आपल्याला इतकं दिलं, त्या अनाम मातेसाठी दोन मिनिटं उभं राहू या.”

नऊ देशांचे विद्वान उभे राहिले. मीही राहिलो. दुसरा इलाज होता का? माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (भीतीचं. लोकांना ते चांगलं वाटलं.) आणि अर्ध्या मिनिटात माझा फोन वाजला. स्क्रीनवर ‘आई’. घाबरून बंद करायला गेलो आणि स्पीकर चालू झाला!

“अरे शिरीष, येताना कोथिंबीर आण. आणि नीट वास घेऊन बघ, मागच्या वेळी शेपू उचलून आणलास!”

त्या शांततेत आईचा आवाज असा घुमला, की पलीकडच्या एका परदेशी प्राध्यापकांनी हात जोडले. बहुधा मंत्र समजले.

डॉ. अबेनांनी माझा खांदा धरला. “तुमची आई इथेच असते? आमच्याकडे दुःखाच्या प्रसंगी आधी घरातल्या थोरांना भेटतात. मी येऊ?”

फोन अजून चालूच होता. “कोण बाई आहेत रे?” आई म्हणाली. “जेवायलाच घेऊन ये ना!”

रविवारी डॉ. अबेना आल्या. आईने औक्षण केलं. पुरणपोळी खाऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, “तुमच्या देवांना नमस्कार करते.”

देव्हारा रिकामा होता. शेजारी स्टीलचं पातेलं. त्यात पाणी. पाण्यात डावा कान तुटलेला गणपती.

डॉ. अबेनांनी गणपतीकडे पाहिलं, मग आईकडे, मग माझ्याकडे. मी पंख्याकडे पाहिलं.

त्यांनी टॅबवर माझा निबंध उघडून आईच्या हातात दिला. (पहिल्या पानावर आता ‘मार्चमध्ये निवर्तलेल्या प्रतिसादक क्रमांक सात यांच्या स्मृतीस’ अशी चौकट होती.) ईराने आजीच्या खांद्यावरून डोकावून भराभर वाचलं आणि किंचाळली, “आजी, यार, बाबाने तुला मारून टाकलंय!”

“मेले? कधी?”

“मार्चमध्ये,” मी म्हणालो.

“कशानं?”

“वार्धक्यानं.”

“वार्धक्यानं? माझं बीपी तुझ्यापेक्षा चांगलं आहे!” आईने चष्मा चढवला आणि वीस पानं वाचून काढली. मध्ये एकदा पेन्सिल मागितली. टॅबवर चालत नाही म्हटल्यावर कागद मागितला. “मेले ते एक वेळ चालेल. अल्पशिक्षित कोण रे?”

मी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला.

“आणि निर्णयक्षमता खुंटते? तुझ्या बाबांची रांचीला बदली झाली तेव्हा देव पाण्यात होते, आणि मी रोज डेप्युटी सेक्रेटरीच्या दारात! अर्ज मी लिहिले, भांडले मी, बदली मी थांबवली. देव पाण्यात होते ते मला भांडायला धीर यावा म्हणून.” मग डॉ. अबेनांकडे वळून तिने ठेवणीतली इंग्रजी काढली, “मॅडम, धिस इज फॅक्चुअली इनकरेक्ट. फाइल मे काइंडली बी रिटर्न्ड.”

डॉ. अबेना खदखदून हसल्या. म्हणाल्या, “माझी आई व्हिसा येईपर्यंत पाद्रीबाबांचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवते. आणि दूतावासात रोज फोन करून त्यांचं डोकं खाते.” मग हळूच विचारलं, “आत्ता देव कशासाठी पाण्यात आहेत?”

आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “ह्याला तुम्ही परमनंट करावं म्हणून.”

मेधा उठून आत गेली. ईरा मोबाइल बंद करून बसली. (असं आमच्या घरात सहसा होत नाही.) मला वाटलं, सकाळी आणलेल्या कोथिंबिरीच्या जुडीत तोंड लपवावं.

डॉ. अबेनांनी निकाल दिला : निबंध मागे घ्यायचा, सगळ्यांना खरं कळवायचं, उरलेल्या सहा मुलाखती खऱ्याखुऱ्या घ्यायच्या. सहीचं नंतर बघू. “आणि ह्या वेळी आईंना बरोबर न्या.”

पुढच्या आठवड्यात आम्ही पानिपतला गेलो. आईने वाटेत पराठेसुद्धा खाऊ दिले नाहीत. ज्या दारातून मला तीनदा परत पाठवलं होतं, त्याच दारात उभं राहून आईने नुसतं विचारलं, “क्यों बहनजी, घर में किसकी चलती है?” आतून हसण्याचा आवाज आला आणि दार सताड उघडलं. मी बाड, टेपरेकॉर्डर आणि पाण्याची बाटली सांभाळत मागोमाग शिरायला गेलो, तर घरच्या बाईंनी हात आडवा केला.

“माताजी, आप आइए. ड्राइवर भैया, आप गाड़ी में बैठो, चाय वहीं भिजवा देंगे.”

आई आत गेली. तिने काही खुलासा केला नाही.

मी गाडीत जाऊन बसलो. बारा वर्षांत पहिल्यांदाच माझी पात्रतेनुसार नेमणूक झाली होती.